दिल्लीचा हिवाळा आणि स्त्रियांचा कोट
महाराष्ट्रातून दिल्लीस नव्याने आलेल्या गृहिणीस आपली शाल पुरेल असे वाटते. परंतु याच नगरीत १६ जानेवारी १९३५ रोजी सफदरजंग येथे पारा शून्याखाली ०.६ अंश उतरला होता! शिवाय पहाटे बसमध्ये उभ्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीचे दोन्ही हात मोकळे हवेत. तिला कोटच हवा.

कोट घेताना वजनास भुलू नये. ऊब राखते ती लोकरीच्या कुरळ्या तंतूंत अडकलेली हवा. म्हणून आत स्वेटर व पदर सहज मावतील इतका कोट सैल असावा.

लोकर कढत पाण्यात घुसळली, की तंतूंवरील खवले परस्परांत गुंतून कापड आटते. कसरीच्या अळ्या लोकर खातात. घामाचे व अन्नाचे डाग त्यांना अधिक रुचतात. यास्तव होळीनंतर कोट स्वच्छ करून, वाळवून, घट्ट पेटीत ठेवावा.

डांबराच्या गोळ्या मात्र जपून वापराव्यात. त्यांच्या वाफेने काही तान्ह्या मुलांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. तेव्हा पेटीतून काढलेला कोट चांगला वारा लागून वास पुरता गेल्यावाचून मातेने तो अंगावर घालून बाळास जवळ घेऊ नये.