अभिलेखांसाठी हार्ड डिस्क : धारणक्षमता, वेग आणि किंमत

मराठवाड्यातील जुना महसुली अभिलेख हा निजामी राजवटीचा वारसा होय. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपुष्टात आली. परंतु तिचे उर्दू व मोडी लिपीतील दप्तर जिल्हा व तालुका कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत राहिले. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा छत्रपती संभाजीनगरसह मराठवाड्यातील कचेऱ्यांत हे दप्तर पुन्हा उघडले गेले. एखाद्या कुटुंबाचा दाखला एका जीर्ण पानावर अवलंबून असू शकतो, ही गोष्ट त्या निमित्ताने सर्वांच्या प्रत्ययास आली.

अशा पानांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकात ठेवण्याचे काम आता कचेऱ्या, शाळा व ग्रंथालये या सर्वांपुढेच आहे. शासनाच्या मध्यवर्ती यंत्रणेत काही प्रती जातात. स्थानिक प्रत मात्र बहुधा टेबलावरील संगणकाच्या मोठ्या हार्ड डिस्कवरच राहते. ही डिस्क निवडताना तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो.

प्रथम धारणक्षमता. ए-४ आकाराच्या पानाची रंगीत प्रतिमा प्रति इंच ३०० बिंदू या प्रमाणात घेतली, तर ती मूळ स्वरूपात सुमारे २६ मेगाबाइट जागा व्यापते. एक लाख पानांना २.६ टेराबाइट लागतात. तीच प्रतिमा संक्षेपित करून ठेवल्यास एकदोन मेगाबाइटांत मावते, पण पुसट शाईचे बारकावे त्यात हरवण्याचा संभव असतो. मोडीतील पुसट अक्षर पुढे कोणाला वाचावे लागेल हे आज सांगता येत नाही. म्हणून जुन्या व दुर्मीळ दप्तराची मूळ प्रतिमा ठेवावी, नित्याच्या पत्रव्यवहाराची संक्षेपित प्रत पुरेशी आहे.

नवी डिस्क जोडताच एक तक्रार हमखास येते : ४ टेराबाइटची डिस्क घेतली, संगणक मात्र ३.६३ दाखवतो. यात विक्रेत्याची लबाडी नसते. जायकवाडीच्या नाथसागराचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी म्हटला काय किंवा २,९०९ दशलक्ष घनमीटर म्हटला काय, पाणी तेच. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १,०२४ च्या पटीत मोजतो, एवढाच फरक.

वेगाच्या बाबतीत गैरसमज अधिक आहेत. वेष्टनावर ‘सेकंदाला ६ गिगाबिट’ असे ठळक छापलेले असते. ती जोडणीची कमाल मर्यादा होय. कालवा कितीही रुंद खोदला तरी दरवाजातून सुटेल तेवढेच पाणी त्यातून वाहते. प्रत्यक्षात मोठी डिस्क सेकंदाला सामान्यतः १५० ते २५० मेगाबाइट वाचते. तिच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. हवी ती नोंद वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे अनुक्रमे ५.६ व ४.२ सहस्रांश सेकंद. दिवसभर हजारो लहान नोंदी उघडणाऱ्या कामात हा फरक जाणवतो. पण अशा कामासाठी फिरते भाग नसलेली सॉलिड स्टेट ड्राइव्हच घ्यावी. ती प्रति टेराबाइट महाग असली तरी चालू कामाला जागा थोडी लागते. साठवून ठेवलेल्या प्रतिमांना ५,४०० फेऱ्यांची डिस्क पुरते. ती सहसा कमी तापते, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या शहरात हा गुण दुर्लक्षिण्याजोगा नाही.

काही डिस्कांत माहितीचे मार्ग कौलांप्रमाणे एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते व किंमत उतरते. तथापि मधले एक कौल बदलावयाचे तर शेजारची कौलेही हलवावी लागतात. तसेच येथे जुनी माहिती खोडून नवी लिहिताना वेग एकाएकी मंदावतो. २०२० साली काही उत्पादकांनी ही पद्धत न सांगताच अशा डिस्का विकल्याचे उघड झाले होते. एकदाच लिहून जपावयाच्या दप्तराला ही डिस्क चालते, रोज बदलणाऱ्या नोंदवहीला नाही. दरपत्रके मागवताना मागणीत ही बाब स्पष्ट लिहिली नाही, तर सर्वांत कमी दराची निविदा नेमकी कौलारू डिस्कची निघण्याची शक्यता असते. आणि मग नियमानुसार केलेली खरेदी गैरसोयीची ठरते.

किमतीची तुलना डिस्कागणिक न करता प्रति टेराबाइट करावी. अगदी लहान डिस्क या हिशेबाने महाग पडते आणि बाजारात नुकतीच आलेली सर्वांत मोठीही. मधल्या आकारात दर सहसा सर्वांत कमी असतो. बाजारभाव स्थिर राहत नाही, हेही अंदाजपत्रक करताना ध्यानात ठेवावे. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, तेथील कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव भडकले. दोन वर्षांची हमी व पाच वर्षांची हमी यांतील फरकही दरात धरावा. मात्र हमी मिळते ती यंत्राची. डिस्क बिघडली तर उत्पादक नवी देईल, पण कोरी.

म्हणून एक वेगवान व अवाढव्य डिस्क घेण्यापेक्षा त्याच पैशात मध्यम वेगाच्या दोन घ्याव्यात आणि दुसरी वेगळ्या इमारतीत ठेवावी. एकाच कपाटातील दोन प्रतींना आग व पाणी यांपासून सारखाच धोका असतो. ८ टेराबाइटची पूर्ण प्रत सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने करण्यास सुमारे १५ तास लागतात. जुन्या यूएसबी २ जोडणीतून अडीच दिवसांहून अधिक. अखंड वीजपुरवठ्याची सोय करून हे काम शनिवारी सकाळी सुरू करावे आणि सोमवारी काही प्रतिमा उघडून पाहिल्यावरच नोंदवहीत ‘प्रत झाली’ असा शेरा मारावा.