साचा एक, स्मृती निराळी
आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव नोंदणीपानावर एका कुटुंबाचा तपशील उघडला, की सर्वांचेच तपशील उघडत; दूरध्वनी क्रमांकांसह! दोष साच्याचा नव्हता. मीटिओर या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या ब्लेझमध्ये एकच टेम्प्लेट पानावर कितीही वेळा वापरता येते आणि प्रत्येक वेळी त्याची स्वतंत्र प्रत, म्हणजे इन्स्टन्स, तयार होते. ‘उघडे की मिटलेले’ ही नोंद मात्र ‘सेशन’ या सामायिक कोठारात एकाच नावाने ठेवली होती. तिची खरी जागा इन्स्टन्सवर. ‘ऑनक्रिएटेड’मध्ये ‘धिस’वर एक ‘रिअ‍ॅक्टिव्हव्हार’ निर्माण करावा आणि हेल्परमध्ये तो ‘टेम्प्लेट.इन्स्टन्स()’मधून वाचावा. (हेल्परमधील ‘धिस’ म्हणजे डेटा, इन्स्टन्स नव्हे, येथे जाणतेही फसतात.) इव्हेंट हाताळताना इन्स्टन्स दुसऱ्या आर्ग्युमेंटातून आयतीच मिळते. ‘धिस.ऑटोरन’ वापरल्यास टेम्प्लेट पानावरून हटताच तेही थांबते.