कोडिंगच्या मुलाखतीची पूर्वतयारी : आरंभासंबंधी काही विचार

संगणकक्षेत्रातील नोकरीसाठी होणाऱ्या मुलाखतींत परीक्षकासमोर पाऊण तासाच्या आसपास अवधीत एखादे उदाहरण सोडवून त्याचा प्रोग्राम लिहून दाखवावा लागतो. आपल्या पदव्युत्तर वर्गातील पुष्कळ विद्यार्थ्यांस ह्या प्रसंगास तोंड द्यावे लागते. तयारीच्या साधनांची आज वाण नाही. गेल लाकमन मॅकडॉवेल ह्यांचे ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ हे पुस्तक २००८ साली प्रथम निघाले. लीटकोडसारख्या संकेतस्थळांवर तर उदाहरणे हजारांनी मोजावी लागतात. नवशिक्याची खरी अडचण ह्या विपुलतेतूनच उद्भवते. तो उदाहरण वाचतो, थोडा अडतो, उत्तर पाहतो, ते त्यास पटते आणि तो पुढील उदाहरणाकडे वळतो. मागताच उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आल्यापासून हा मोह अधिकच बळावला आहे. परिणामी दोनशे उदाहरणे ‘झालेला’ उमेदवार उदाहरणात एखादी अट बदलताच निरुत्तर होतो, आणि मधले कित्येक महिने वाया जातात.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, पहिल्या महिन्यात उदाहरणांची संख्या मोजूच नये. थोडी उदाहरणे घ्यावीत आणि आपली रीत बरोबर उत्तर का देते, हे दुसऱ्यास पटवून देता येईपर्यंत त्यांतील एकही सोडू नये.

एक साधे उदाहरण घेऊ. एक लाख संख्यांची यादी दिली आहे. तीत ज्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होईल अशा दोन संख्या शोधावयाच्या आहेत. प्रथम सुचणारी रीत म्हणजे प्रत्येक जोडी तपासणे. ही रीत ओबडधोबड खरी, तथापि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. ती आधी सांगावी आणि तिचा खर्च मोजावा. जोड्या होतात ४,९९,९९,५०,०००, म्हणजे सुमारे ५०० कोटी. सेकंदास १० कोटी साध्या क्रिया हा ढोबळ हिशेब धरला तरी पन्नास सेकंद लागतील. आता स्वतःस विचारावे की, ह्यांतील कोणते श्रम व्यर्थ आहेत? हाती असलेल्या संख्येस जोडीदार कोणता हवा, हे वजाबाकीने आधीच ठरलेले असते. तेव्हा सर्व यादी पुनःपुन्हा चाळण्याऐवजी पाहिलेल्या संख्यांची नोंद हॅश टेबलात ठेवावी व ‘हवा तो जोडीदार पूर्वी येऊन गेला काय’ एवढेच पाहावे. यादी एकदाच वाचून काम भागते. मात्र आधी शोध व मग नोंद, हा क्रम पाळावा. अन्यथा बेरीज १० हवी असता एकट्या ५ ची जोडी स्वतःशीच जुळेल.

ह्यानंतर आपणच अट बदलावी. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे आणि अधिक स्मृती वापरावयाची नाही, असे समजू. एक खूण आरंभी, दुसरी अखेरीस ठेवावी. बेरीज मोठी झाली तर उजवी खूण मागे घ्यावी, लहान झाली तर डावी पुढे न्यावी. पण उजवीकडील संख्या कायमची टाकून देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? कारण असे : उरलेल्यांतील सर्वांत लहान संख्येबरोबरही जिची बेरीज मर्यादेबाहेर जाते, तिची इतर कोणाबरोबरही जाणारच. हे एक वाक्य ज्यास सांगता येते, त्यास बेरीज शून्य होणाऱ्या तीन संख्या शोधण्याचे पुढचे उदाहरण नवे वाटत नाही.

कारणमीमांसेचा हा आग्रह कोणास पंडिती वाटेल. त्यांनी बायनरी सर्चचा इतिहास पाहावा. क्रमाने लावलेली यादी दरवेळी निम्मी करीत जाण्याची ही रीत जॉन मॉकली ह्यांनी १९४६ साली व्याख्यानात मांडली. परंतु कोणत्याही लांबीच्या यादीस लागू पडेल असे तिचे रूप छापून येण्यास जवळजवळ दीड दशक लागले. जॉन बेंटली ह्यांनी ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’मध्ये नमूद केले आहे की, व्यावसायिक प्रोग्रामरांस पुरेसा वेळ देऊनही त्यांतील बहुतेकांच्या लेखनात चुका निघाल्या. पुढे २००६ साली जोशुआ ब्लॉक ह्यांनी दाखविले की, जावा भाषेच्या ग्रंथालयातील प्रोग्रामात, किंबहुना बेंटलींच्या पुस्तकातील प्रोग्रामातही, एक दोष दडलेला होता. मधला क्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज करून तिचे निम्मे करीत असत. यादी फार मोठी झाल्यास ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ ह्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होई. टोकांतील अंतराचे निम्मे डाव्या टोकात मिळविले की दोष नाहीसा होतो.

म्हणून प्रोग्राम लिहिण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे : ‘शोधावयाची संख्या यादीत असेलच, तर ती ह्या दोन खुणांच्या दरम्यान आहे.’ प्रत्येक फेरीनंतर ते सत्य राहते काय आणि मधले अंतर खरोखर घटते काय, हे पाहावे. अंतर घटत नसेल तर प्रोग्राम कधीच थांबणार नाही. मग रिकामी, एका संख्येची व दोन संख्यांची, अशा तीन याद्या हाताने चालवून पाहाव्यात. बहुतेक चुका येथेच सापडतात.

अडल्यास अर्धा तास झुंजावे. त्यानंतर उत्तर पाहण्यास हरकत नाही. पण उत्तर मिटून, तीन-चार दिवसांनी कोऱ्या कागदावर तेच उदाहरण पुन्हा सोडवावे. रोडिगर व कार्पिकी ह्यांच्या २००६ च्या प्रयोगांत पाठ्यांश पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले, तर एका आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणारे.

विषयांचा क्रम फारसा वादाचा नाही : ॲरे, स्ट्रिंग व हॅश टेबल, मग स्टॅक व लिंक्ड लिस्ट, नंतर रिकर्शन, वृक्ष व ग्राफ. डायनॅमिक प्रोग्रामिंग रिकर्शन अंगवळणी पडल्यावरच घ्यावे. भाषा हाताला असेल तीच ठेवावी. पायथॉन सुटसुटीत आहे, पण तीत लिस्टमध्ये संख्या शोधणे म्हणजे सगळी लिस्ट चाळणे आणि सेटमध्ये शोधणे म्हणजे बहुधा एकच उडी, हा भेद ठाऊक असावा.

मुलाखत बहुधा इंग्रजीत होते, ह्याची धास्ती मराठी माध्यमातून आलेल्यांस विशेष असते. त्यांनी उपपत्ती प्रथम आपल्या मित्रास मराठीत समजावून द्यावी आणि ती निर्दोष झाली म्हणजे इंग्रजीत सांगण्याचा सराव करावा. विचार अस्पष्ट असता भाषेस दोष देण्याची सवय आपल्याकडे फार आहे. अध्यापकांनीही प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत ‘उत्तर काय’ ह्याऐवजी ‘हे बरोबर कशावरून’ असे विचारले, तर निम्मी तयारी वर्गातच होईल.

मित्राबरोबर सराव करताना त्याने उदाहरण मुद्दाम अपुरे सांगावे. यादी रिकामी असू शकते काय, संख्या ऋण असतात काय, तीच संख्या पुन्हा येते काय, उत्तर नसल्यास काय द्यावयाचे, हे प्रश्न उमेदवाराने आपण होऊन विचारेपर्यंत त्यास लेखणी उचलू देऊ नये.