दगड झालेल्या बायकोची गोष्ट

‘‘काकू, लग्न कुणाशी लावलंत मग शेवटी?’’

फॉल-पिकोची साडी न्यायला आलेल्या बाईनं दारातूनच विचारलं आणि चपला काढायच्या आत स्वतःच सांगूनही टाकलं, ‘‘नीराशीच लावा. बाप पैसेवाला आहे.’’ शेजारच्या आजी कॉटवर बसून वाती वळत होत्या. त्या तडकल्याच. ‘‘आणि ती बियांका? लहानपणापासून ओळखतीय त्याला. डोंगरातल्या गावात आजारी बापाचं करत बसलीय बिचारी. तिनं काय घोडं मारलंय?’’

कुणा भाच्या-पुतण्याच्या स्थळाची ही चर्चा नव्हती, टीव्हीवरची मालिकाही नव्हती. माझ्या मोबाइलवरच्या एका जपानी गेममधलं हे लग्न. गेमचं नाव ‘ड्रॅगन क्वेस्ट’, भाग पाचवा. पन्नाशीची बाई बार्शीत पिको मशिनशेजारी मोबाइल टेकवून राक्षसांशी लढते म्हटल्यावर हसाल तुम्ही. हसा. आमचे हे अजून हसतात.

झालं काय, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझं काम पार बंद पडलं. लग्नंच नाहीत तर साड्या कुठल्या? लेक कॉलेज बंद झालं म्हणून पुण्याहून घरी आलेला. त्यानं एक दिवस माझ्या फोनमध्ये हा गेम घालून दिला. मी म्हटलं, बाबा, ते बंदुका घेऊन पळायचं मला नाही जमणार. तो म्हणाला, ‘‘आई, यात घाईच नाही.’’ आणि खरंच नाही! आधी आपण हुकूम द्यायचा, की वार कर, औषध दे, नाहीतर पळ काढ. मग समोरच्या राक्षसाची पाळी. आपण हुकूम देईपर्यंत तो आपला जागच्या जागी डुलत उभा. कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठून गॅस बंद केला, भाजी परतून आले, तरी तो तिथंच! फोन उभा धरून एका हातानं खेळता येतं. माझं इंग्रजी बेताचंच, पण लेकाची जुनी डिक्शनरी होती उशाशी.

ही मालिका १९८६ साली जपानात सुरू झाली. युजी होरी यांनी गोष्ट आणि खेळ रचला, ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामांनी चित्रं काढली आणि कोइची सुगियामांनी संगीत दिलं. पहिल्यांदाच भेटणारा राक्षस म्हणजे स्लाइम, निळ्या थेंबाएवढा, तोंडभर हसणारा. होरींनी कागदावर नुसता चिखलाचा गोळा काढून दिला होता म्हणे, तोरियामांनी त्याचा हा गोड थेंब केला. तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ ला आला. तो बुधवार होता. दुकानांपुढे रांगा लागल्या, पोरांनी शाळा बुडवल्या. चौथा मग रविवारी आणला! पाचवा आला १९९२ मध्ये. त्याची इंग्रजी आवृत्ती फोनवर मिळायला २०१५ उजाडलं.

या पाचव्या भागात राजाची पोरगी पळवली आणि सोडवून आणली, असलं काही नाही. सुरुवातीला आपण सहा-सात वर्षांचं पोर असतो, बापाचं बोट धरून गावोगाव फिरणारं. शेजारच्या गावातली थोडी मोठी पोरगी म्हणजे बियांका. दोघं मिळून रात्री एका पडक्या वाड्यातल्या भुतांचा बंदोबस्त करतात आणि वाघाच्या जातीचं एक पिल्लू वाचवतात. पुढे एक दुष्ट त्या मुलाच्या गळ्याला शस्त्र लावतो. लेकाचा जीव जाईल म्हणून बाप हात न उचलता मार खातो आणि पोराच्या डोळ्यांदेखत मरतो. मी तेव्हा फोन पालथा ठेवला होता. मुलगा पुढे दहा वर्षं गुलामीत दगड वाहतो. सुटून आल्यावर ते वाघाचं पिल्लू भेटतं, आता अक्राळविक्राळ झालेलं. ते ओळखतं कशानं, तर बियांकाच्या जुन्या रिबिनीनं!

मग येतं लग्न. नीराचा श्रीमंत बाप दोन अंगठ्या आणायला सांगतो, त्यातल्या एकीसाठी बियांकाच सोबत येते. बाप म्हणतो, रात्रभर विचार कर आणि सकाळी सांग. नंतरच्या आवृत्तीत तिसरीही आली, नीराची फटकळ बहीण डेबोरा. जपानात या निवडीवरून अजूनही दोन तट पडतात म्हणतात. आमच्या भिशीतही पडले. मी बियांकाला माळ घातली आणि नीरावाल्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पण मला सांगायचंय ते लग्नानंतरचं.

बियांकाला जुळं होतं आणि लगेच तिला पळवून नेतात. नवरा शोधत जातो आणि दोघंही दगड होतात. चोर ते पुतळे विकतात. नवऱ्याचा पुतळा एका घरच्या अंगणात उभा राहतो. ऋतू बदलतात, त्या घरचं बाळ रांगायला लागतं, चालायला लागतं. तो नुसता बघतो. आठ वर्षांनी त्याचीच लेकरं त्याला शोधत येतात आणि काठीच्या जादूनं उठवतात. बियांका मात्र अजून दगडच. ती जागी होते तेव्हा पोरं दहाएक वर्षांची झालेली असतात.

वाचताना तुम्हाला अहिल्या आठवली ना? मलाही तीच आठवली. तिच्या उद्धाराची गोष्ट सगळ्यांना पाठ, पण शिळा होऊन पडली होती त्या वर्षांत तिच्या मनात काय चालायचं, कोण विचारतंय? इथंही तेच. नवऱ्याची आठ वर्षं दाखवली, ऋतूंसकट दाखवली. बायकोची नाहीत. जागी झाल्यावर चालता चालता गप्पांतून ती थोडंफार बोलते, पण मला ते पुरलं नाही.

कारण माझी आठ वर्षं. २००९ ला सासूबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी बालवाडीत शिकवत होते. नोकरी सोडली. २०१७ ला त्या गेल्या. अंथरूण, औषधं, कूस बदलणं, रात्रीची हाक. सासूबाई प्रेमळ होत्या, तक्रार नाही. पण लेक चौथीत होता तो बारावीत गेला आणि त्याला मिसरूड कधी फुटलं ते मला आठवत नाही. फोटोत बघते. बियांका उठते तिथं आले तेव्हा मी लेकाला एवढंच म्हटलं, ‘‘मीही अशीच होते रे.’’ तो म्हणाला, ‘‘आई, तू घरातच होतीस की.’’ थोड्या वेळानं उठून त्यानं चहा केला, न सांगता.

म्हणून नव्या भागाकडे डोळे लावून बसलेय. बारावा भाग २७ मे २०२१ ला जाहीर झाला. हा मोठ्यांसाठी असेल, जगायचं कसं ते ठरवणाऱ्या निवडी त्यात असतील, असं होरी तेव्हा म्हणाले होते. त्यानंतर २०२१ मध्येच सुगियामा गेले, मार्च २०२४ मध्ये तोरियामा गेले. होरी सत्तरी ओलांडून गेलेत. २०२५ सरलं तरी तारीख काही कळली नाही. मधल्या काळात जुने भाग नव्या रूपात आले, तिसरा २०२४ मध्ये आणि पहिला-दुसरा २०२५ मध्ये. पाचव्याची पाळी येईल तेव्हा बियांकाची वर्षं घालतील का? दगडाला ऐकू येत होतं का, पोरांची वयं ती मोजत होती का? एवढं एक प्रकरण द्या म्हणावं. चौथ्या भागात व्यापाऱ्याच्या बायकोकडून रोज सकाळी डबा घ्यायला लावलात, दुकानही तिच्यावर सोपवलंत, मग हे का नाही सुचलं? आणि बाराव्यात जगण्याच्या निवडी देणारच असाल, तर त्यातली एखादी घरात थांबलेल्या बाईलाही द्या.

धाकधूकही आहे. लढाईची ती सावकाश रीत बदलणार, असं त्यांनी तेव्हाच सांगितलंय. भराभर बोटं चालवायची वेळ आली तर संपलं. माझी बोटं सुईची आहेत, बंदुकीची नाहीत. दुसरं म्हणजे, पहिले सहा आणि आठवा भाग फोनवर इंग्रजीत मिळाले, पण अकराव्याला टीव्हीला जोडायचं यंत्र नाहीतर कॉम्प्युटर लागतो. बाराव्यालाही लागणारच. लेक म्हणतो, पगारातून घेतो. मी नको म्हटलंय.

साडीमागचे दहा रुपये बाजूला टाकतेय. दिवाळीपासून पितळी डब्यात साडेतीन हजार जमलेत. तोवर आजींच्या नकळत नीराशीही एकदा लग्न लावून बघतेय.