वस्त्रविद्येच्या उपासिका : भानु अथैया

आपल्या घरांतून मुलींना शिवणकाम शिकविलें जातें खरें. परंतु तें विद्या म्हणून क्वचितच. झबलीं-टोपरीं बेतावीं, फाटलें तें सांधावें, यापलीकडे सुईदोऱ्याचा अधिकार पोहोंचूं शकतो, ही कल्पनाच पुष्कळ कुटुंबांत नसते. म्हणूनच कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यांतील एका कन्येनें याच विद्येच्या बळावर जगन्मान्यता कशी मिळविली, हें वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजीं कोल्हापुरांत झाला. त्यांचे वडील अण्णासाहेब हे चित्रकार होते. परंतु कन्या लहान असतांनाच ते निवर्तले. पुढें मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत भानुमतींनीं सुवर्णपदक संपादन केलें आणि १९५३ सालीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें लागलीं. त्याच सुमारास 'ईव्ह्ज वीकली' या नियतकालिकासाठीं त्या वेशांचीं रेखाचित्रें काढीत असत. त्याच्या संपादकांनीं तयार वस्त्रांचें दालन उघडलें, तेव्हां कागदावरील वेश कापडांत उतरविण्याची संधि त्यांस लाभली. १९५६ च्या 'सी. आय. डी.' पासून गुरुदत्त यांच्या संस्थेशीं त्यांचा संबंध जडला.

चांगली चित्रकर्ती हातची गेली, अशी हळहळ येथें कोणास वाटेल. आम्हांस मात्र त्यांची कुंचल्याची दृष्टि कापडांतही अखंड दिसते. वस्त्रानें पात्राचें कुळ, काळ आणि मन सांगितलें पाहिजे, हाच त्यांच्या कार्याचा दंडक होता. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) मध्यें वंगदेशीय जमीनदारांच्या वाड्यांतील छोट्या सुनेचें वैभव आणि तिचें एकाकीपण हीं दोन्ही तिच्या वेशांतून उमटतात. 'आम्रपाली' (१९६६) साठीं तर त्यांनीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. लोकांच्या आवडीनिवडीवरही त्यांचा प्रभाव मोठा. 'वक्त' (१९६५) मधील साधनेचा अंगाबरोबर बसणारा कुडता व चुडीदार तरुणींनीं उचलला. 'ब्रह्मचारी' (१९६८) मधील मुमताजची नृत्यांतही न ढळणारी नारिंगी साडी आजही अनुकरणाचा विषय आहे.

परंतु त्यांच्या विद्येची खरी कसोटी लागली ती 'गांधी' (१९८२) या चित्रपटांत. बॅरिस्टरच्या विलायती पोशाखापासून पंचापर्यंतचा तो प्रवास! वस्त्र कमी होत जावें आणि माणूस मोठा होत जावा, हें कापडाच्या भाषेंत दाखविणें सामान्य काम नव्हे. रोहिणी हट्टंगडी यांनीं साकारलेल्या कस्तुरबांच्या साध्या लुगड्यांतही तोच संयम आहे. ११ एप्रिल १९८३ रोजीं जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. पुढें 'लेकिन' व 'लगान' यांसाठीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कार लाभले. शंभराहून अधिक चित्रपटांचा हा अनुभव त्यांनीं २०१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

२०१२ सालीं त्यांनीं ऑस्करचें तें सन्मानचिन्ह अमेरिकेंतील अकादमीकडे परत पाठविलें. आपल्या पश्चात् तें सुरक्षित राहावें, एवढीच त्यांची इच्छा होती. १५ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. पारितोषिक जपण्यासाठीं त्यांस सातासमुद्रांपलीकडचा आश्रय शोधावा लागला, ही गोष्ट आपणां सर्वांस अंतर्मुख करणारी आहे. ज्या समाजांत वस्त्र जीर्ण झालें कीं बोहारणीच्या हवालीं होतें, त्या समाजांत वस्त्रविद्येची कदर तरी कोठून व्हावी? आजीची पैठणी पेटींत असेल, तर तिचा काठ कोणत्या पेठेचा, वीण कशी, ती कोणत्या कार्यास नेसली गेली, हें घरांतील मुलींना सांगून ठेवावें. आणि एखादीनें वहीच्या कोपऱ्यांत वेशांचीं चित्रें काढलीं, तर तिला अभ्यासाचें निमित्त सांगून दटावूं नये. तोही अभ्यासच असतो.