कुत्र्याने फाडलेली कोंबडी जगेल की नाही, हे कसं ठरवायचं?

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायच्या वेळेला परसात अचानक कलकलाट होतो. कुणीतरी धावत जाऊन कुत्र्याला हाकलतं, तोवर एक कोंबडी त्याच्या तोंडातून सुटून पडलेली असते. पाठीवरची कातडी सोललेली, आतलं लाल मांस उघडं पडलेलं, आजूबाजूला पिसांचा खच. पण डोळे उघडे आहेत. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आता कसली जगते ती, सुरी आणा." दुसरा हळदीचा डबा घेऊन येतो. आणि बऱ्याच घरांत होतं भलतंच. कोंबडीला डालग्याखाली झाकून ठेवतात आणि "सकाळी बघू" म्हणून सगळे झोपायला जातात.

यातला सगळ्यात वाईट मार्ग हा शेवटचा. उपचार करा किंवा सुटका करा, दोन्हीला कारणं आहेत. नुसतं झाकून ठेवण्यात मात्र कोंबडीच्या वाट्याला फक्त वेदना येतात.

मग ठरवायचं कसं?

पहिली गोष्ट म्हणजे जखम किती भयानक दिसते यावर जाऊ नये. कोंबडीची कातडी पातळ आणि सैल असते, त्यामुळे ती सहज फाटते. पण खालचे स्नायू शाबूत असतील तर तळहाताएवढी कातडी गेलेली कोंबडीही काही आठवड्यांत भरून निघते. असं कुणी सांगितलं तर पटत नाही, पण कोंबड्या पाळणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं.

याच्या उलटही तितकंच खरं आहे. कुत्रा कोंबडीला तोंडात धरून झटकतो. बाहेरून दाताची दोन बारीक भोकं दिसतात आणि आत बरगड्या मोडलेल्या असतात. मांजर चावलं असेल तर जखम टाचणीएवढी असते, पण मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याला दोन-तीन दिवसांत मारू शकतात. अशा वेळी अँटिबायोटिक वेळेत मिळालं तरच आशा असते.

पक्ष्यांचं शरीर आपल्यासारखं नसतं, हेही लक्षात घ्यायला हवं. त्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. पंखाचं खांद्याजवळचं हाडसुद्धा पोकळ असतं आणि या पिशव्यांना जोडलेलं असतं. म्हणून खोल भोकात पिचकारीने पाणी मारलं तर ते थेट श्वसनमार्गात जाऊ शकतं. आपल्यासारखा श्वासपटलही त्यांना नसतो; छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच त्या श्वास घेतात. घाबरलेल्या कोंबडीला छातीपाशी घट्ट आवळून धरणं म्हणजे तिचा श्वास कोंडणं.

तेव्हा आधी रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ फडकं दाबून धरायचं. मग कोंबडीला खोक्यात, अंधारात, उबेत अर्धा तास एकटं सोडायचं. बसलेल्या धक्क्यानेच अनेक कोंबड्या दगावतात. ती सावरल्यावर नीट पाहणी करायची.

आतडी बाहेर आली असतील, मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, चोच मुळापासून गेली असेल, शांत बसूनही ती तोंड उघडून धापा टाकत असेल आणि तोंडातून रक्त येत असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. दोन्ही पाय लुळे आहेत आणि बोट जोरात चिमटलं तरी पाय ओढून घेत नाही, हे कण्याला इजा झाल्याचं लक्षण आहे. पंख मोडणं मात्र या यादीत येत नाही. पंख अंगाला बांधून ठेवला तर साधारण तीन आठवड्यांत हाड जुळतं. पायाचं काय होईल ते वजनावर ठरतं. हलकी गावठी कोंबडी लंगडत का होईना निभावून नेते, जड ब्रॉयलरला ते जमत नाही.

बाकीच्या कोंबड्यांना 24 ते 48 तास द्यावेत. कोंबडी दुखणं लपवते, कारण कळपात अशक्त दिसणं तिला परवडत नाही. त्यामुळे ती ओरडत नाही यावरून काही ठरवू नये. पाणी पिते का, दाणे टिपते का, विष्ठा टाकते का, उभी राहायचा प्रयत्न करते का, हे पाहावं.

जखम धुवायला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा मीठ पुरतं. त्यानंतर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावावं. कोरडी हळद खोल जखमेत ठासू नये; तिचा गोळा होतो आणि आतली घाण आतच राहते. खरा शत्रू माशा असतात. पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात, त्याही पिसांखाली, न दिसणाऱ्या जागी. म्हणून मच्छरदाणीत ठेवणं आणि दिवसातून दोनदा पिसं बाजूला करून बघणं अटळ आहे. इतर कोंबड्या लाल दिसेल तिथे टोचतात, तेव्हा वेगळं ठेवणंही आलंच. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

हे सगळं दोन-तीन आठवडे रोज करणारं माणूस घरात आहे का, हा प्रश्नही निर्णयाचाच भाग आहे. काहीशे रुपयांच्या कोंबडीसाठी तेवढा वेळ आणि पैसा नसेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र मग सुटका त्याच दिवशी व्हायला हवी.

सुटका कशी करायची?

सर्वांत चांगलं म्हणजे पशुवैद्यकाचं इंजेक्शन. 1962 या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. रात्री कुणीच मिळालं नाही तर कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला बोलवावं. धारदार सुरी आणि सरावलेला हात असेल तर काम क्षणात होतं. जाणकार माणसं मान एका झटक्यात ओढून कवटीपासून कणा वेगळा करतात. मान पिळत बसणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यात जीव गुदमरतो. युरोपीय संघाच्या नियमात ही पद्धत नुसत्या हाताने फक्त 3 किलोपर्यंतच्या पक्ष्यांसाठी मान्य आहे. गिरिराजचा भरलेला कोंबडा त्यापुढे सहज जातो. नंतर काही वेळ पंख फडफडतात, ती स्नायूंची प्रतिक्रिया असते. पाहणाऱ्याला, विशेषतः मुलांना, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पाण्यात बुडवणं, फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा उकिरड्यावर टाकून देणं हे सुटकेत बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचं कलम 11 कोंबडी खाण्यासाठी मारायला मनाई करत नाही, पण विनाकारण यातना देऊन मारणं हा त्यात गुन्हा आहे.

इंजेक्शन देऊन मारलेली कोंबडी खायची नाही आणि कुत्र्यालाही घालायची नाही. खोल खड्ड्यात पुरायची. आणि कोंबडी वाचली, अंडी घालू लागली, तरी औषधं चालू असताना आणि ती थांबल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती अंडी खाऊ नयेत.