सीतेची वेणी घरी फुलवताना



मे महिन्यात जव्हारला आलेल्या पाहुण्यांनी आमच्या अंगणातील आंब्यावर लोंबणारे गुलाबी ठिपक्यांचे पांढरे तुरे पाहिले. ‘येताना आम्हालाही एक रोप आणा’ असे अनेकांनी सांगितले. मी रोप का आणत नाही आणि घरी ऑर्किड कसे जगवावे, हे दोन्ही आज लिहिते.

हे फूल म्हणजे सीतेची वेणी. आसाममध्ये हेच राज्यफूल आहे आणि बिहूच्या दिवसांत तिथल्या मुली ते केसांत माळतात. आपल्याकडे पुष्कळ जण याला बांडगूळ समजून तोडून टाकतात. ती चूक आहे. बांडगूळ फांदीत मुळे घुसवून झाडाचा रस पिते. ऑर्किड अर्थात आमरी फांदीवर फक्त बसते. तिच्या जाड मुळांवर स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. ते पावसाचे, दवाचे पाणी शोषून घेते.

हे मला उशिरा कळले. मोखाड्याच्या रस्त्यावर एका आदिवासी बाईकडून मी पहिले रोप विकत घेतले होते. कुंडीत माती भरून लावले आणि रोज पाणी घातले. दीड महिन्यात मुळे कुजली. पुन्हा भेट झाली तेव्हा ती म्हणाली, “झाडावर त्याला माती कोणी दिली होती, ताई?” रोप जंगलातून काढलेले होते. दोष तिला देता येणार नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्याआधी घरात चार पैसे हवे होते, आणि मागणारी मीच होते.

जंगलातून काढलेले एक रोप सहज भरून येत नाही. ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, पण त्यात अंकुरासाठी अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजते. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ही गोष्ट ओळखली. १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नड्सन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले. रानात मात्र बी रुजून फूल यायला काही वर्षे लागतात. शिवाय राखीव वनातून परवानगीशिवाय झाड काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

म्हणून घरासाठी रोपवाटिकेत वाढवलेले ऑर्किड घ्या. डेंड्रोबियम नवख्याला सोपे जाते. ते असे जगवावे:

१. माती नको. भोके असलेल्या कुंडीत किंवा लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरा. अंगणात आंबा असल्यास रोप खोडाला सुती चिंधीने बांधा. मुळे धरली की चिंधी सोडा.

२. सकाळचे कोवळे ऊन द्या, दुपारचे टाळा. पाने काळपट हिरवी झाली पण फूल नाही, तर उजेड कमी पडतो असे समजा.

३. पाणी सकाळी द्या. मुळे हिरवी दिसली तर ती ओली आहेत. पांढुरकी झाली की पाणी द्या. संध्याकाळपर्यंत मुळे सुकली पाहिजेत. मुसळधार पावसात कुंडी वळचणीच्या आत घ्या. थंडीत पाणी कमी करा.

४. नवी वाढ सुरू असताना पंधरवड्याने अगदी पातळ खत पुरे.

आमच्या आंब्यावरची वेणी मात्र वादळात रस्त्यावर मोडून पडलेल्या फांदीवरची आहे. ती तिथेच वाळून गेली असती. बांधल्यावर दोन वर्षे ती नुसती पानांवर होती. तिसऱ्या वर्षी फुलली.

जव्हारची आठवण घरी न्यायची असेल तर मोगरा न्या. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातील अनेक आदिवासी कुटुंबे आता तो स्वतःच्या जमिनीत लावतात. उन्हाळ्यात पहाटे कळ्या खुडून दादरच्या फुलबाजाराला जातात. त्या पैशामुळे काही घरांना भट्टीची वाट धरावी लागत नाही. आणि मोगऱ्याची कळी खुडली तरी झाड जागेवरच राहते.